कब कॅडेट १२२ आणि १२३: फरक स्टिकरचा नाही

कुणीतरी म्हटलंय की इंटरनॅशनल हार्वेस्टर या अमेरिकन कंपनीच्या कब कॅडेट मालिकेतल्या या दोन जुन्या बागकामाच्या ट्रॅक्टरांत फक्त स्टिकर वेगळं. मुळीच नाही! कोहलर कंपनीचं १२ अश्वशक्तीचं एका सिलिंडरचं इंजिन दोन्हींत सारखंच, पत्राही तोच. पण १२२ला तीन गिअर आणि क्लच; १२३ हायड्रोस्टॅटिक, म्हणजे गिअर बदलण्याऐवजी तेलाच्या दाबावर चालणारा, कब कॅडेटमधला पहिलाच. स्टिअरिंगजवळचा दांडा सरकवला की वेग बदलतो, मागे जायचं तरी तोच दांडा. विकत घेताना सीटखाली वाकून बघा. ड्राइव्हशाफ्ट (इंजिनाची ताकद मागे नेणारा फिरता आस) मागे जिथे जोडलाय तिथे तेलाचा पंप दिसला तर १२३. गवत कापायला १२३ फारच सुखाचा. नांगरटीला मात्र मी डोळे झाकून १२२ घेईन. क्लचची चकती घरीच बदलता येते, पंप उघडणं जिकिरीचं.