लग्नाला आलेय, बॅगेत सगळं भरजरी आणि उद्या सकाळी चाकणला इंटरव्ह्यू. काय घालू?

जळगावची_मेक
मंडळी अर्जंट आहे, शुद्धलेखन बघू नका. चुलत बहिणीच्या लग्नाला पुण्यात आलेय, कोथरूडला कार्यालयात आहे, जेवणं झाली, संध्याकाळी पाठवणी. मघाशी चाकणच्या एका ऑटो पार्टवाल्या कंपनीतून एचआरचा फोन आला की उद्या साडेदहाला प्लांटवर या, क्वालिटी इंजिनिअरसाठी. मी दोन महिन्यांपूर्वी अप्लाय केलेलं आणि विसरून पण गेलेले. बीई मेकॅनिकल आहे, सध्या जळगाव एमआयडीसीत चटईच्या कंपनीत क्वालिटीलाच आहे.

आता बॅगेत काय आहे ते सांगते, हसू नका. आईची पैठणी, एक लेहंगा, एक अनारकली, एक जीन्स, एक फुलाफुलांचा टॉप आणि झोपायचे कपडे. पायात घालायला कोल्हापुरी आणि हिल्स. वरून दोन्ही हातांना कोपरापर्यंत मेंदी, आणि ती नेमकी छान रंगलीय. आई म्हणते अनारकली घाल, चांगली दिसतेस. पाठवणीच्या आधी मला कोणी कार्यालयातून बाहेर सोडणार नाही, म्हणजे साडेसात तरी वाजणार, त्यानंतर दुकानं उघडी असतात का आणि नक्की काय घेऊ? बजेट दोन हजारच्या आत. आणि मेंदीचं काय करू??

प्रेसशॉपवाला
चाकणमध्येच बरीच वर्षं काढलीत म्हणून सांगतो. तुझा इंटरव्ह्यू ऑफिसात नाही, प्लांटवर आहे, हे आधी डोक्यात घे, कारण क्वालिटीच्या माणसाला आमच्याकडे केबिनमधे दहा मिनिटं बोलून झालं की लगेच म्हणतात चला जरा लाईन बघून येऊ, आणि खरा इंटरव्ह्यू तिथे होतो. तेव्हा दिसायला कसं आहे त्यापेक्षा मशीनजवळून चालता येतं का ते बघ.

ओढणी नाही, घेर नाही, लोंबणारी बाही नाही. अनारकली तर अजिबातच नाही, कन्व्हेयरजवळ तो घेर बघून सेफ्टीवाला तुला दारातच उभी करेल. चालू मशीनपाशी काम करणाऱ्याने अंगासरशी बसणारे कपडे घालायचे हे १९४८ च्या फॅक्टरीज अ‍ॅक्टमध्येसुद्धा लिहिलेलं होतं, उगाच कोणाच्या मनातली शिस्त नाही ती. बांगड्या, अंगठ्या, लांब कानातले आदल्या रात्रीच काढून ठेव. केस बांधून.

बूट सगळ्यात महत्त्वाचे. पुढून मागून बंद आणि सपाट. बऱ्याच ठिकाणी व्हिजिटरला बुटावरून चढवायची लोखंडी टोकॅप देतात, ती हिल्सवर बसत नाही आणि कोल्हापुरीवर तर प्रश्नच नाही. साधे काळे स्नीकर असले तरी चालतील, फक्त धुतलेले पाहिजेत.

सौ_अनुभव
माझं मत विचाराल तर अंगभर साडीइतकं सभ्य काही नाही. आम्ही बँकेच्या मुलाखतीला साधी कॉटनची नेसून गेलो होतो, छान छाप पडते. पैठणी नको, पण कोणा काकू मावशीकडे कॉटनची असेलच की लग्नघरात.

प्रेसशॉपवाला
काकू, बँकेत आणि शाळेत शंभर टक्के. पण प्लांटवर पदर आणि निऱ्या सांभाळत जिने चढायचे, त्यात मेझॅनीनला, म्हणजे मधल्या माळ्याला, कधीकधी जाळीचे जिने असतात. नको.

टाचणी
मी कपड्याच्या दुकानात असते, त्यामुळे खरेदीचं मी सांगते. साडेसात उशीर नाहीये, लक्ष्मी रोडच्या नादाला लागू नकोस, तिथे पार्किंग शोधेपर्यंत शटर खाली येतील. कोथरूडलाच आहेस तर झुडिओ, मॅक्स असलं काहीतरी गाठ, ही दुकानं साडेनऊपर्यंत तरी चालू असतात. एकच पॅन्ट आणि एकच शर्ट घ्यायचा, तिसऱ्या वस्तूकडे बघायचं नाही. हजाराच्या आत पॅन्ट, तेवढ्यातच शर्ट, झालं तुझं बजेट.

पॅन्ट काळी किंवा नेव्ही, सरळ कटची. ट्रायल रूममधे घालून खाली बसून बघ, उकिडवं पण बसून बघ, कारण तुला मशीनखाली वाकून पार्ट बघायला सांगितला तर तिथे उसवायला नको. लांबीला मोठी निघणारच, सगळ्यांच्याच निघतात. रात्री नऊला अल्टरेशनवाला कुठला मिळणार, तर आतून दुमडून हाताने टाके घाल, दोरा पॅन्टच्या रंगाचा, टाका बाहेर कणभरच दिसला पाहिजे. लग्नघरात सुई दोरा आणि सेफ्टी पिना नाहीत असं कधी झालंय का? पिनेवर मात्र भागवू नकोस, चालताना उघडली की घोट्याला टोचते.

शर्टाचं म्हणशील तर पांढरा घेऊ नको. एकतर ऑइलचा डाग, दुसरं म्हणजे आतलं दिसतं, आणि बायका हमखास आतून पांढरंच घालतात जे उलट जास्त दिसतं, आत अंगाच्या रंगाचं लागतं. फिका निळा घे. आणि प्युअर कॉटन, लिननच्या मोहात पडू नको, मे महिना आहे मान्य, पण कोथरूडहून चाकणपर्यंत बसून गेलीस की पाठीवर चुण्यांचा नकाशा. थोडं पॉलिस्टर मिक्स असलेलं घे, लेबलवर लिहिलेलं असतं. नवीन शर्टावर घडीच्या रेघा असतात त्या इस्त्री केल्याशिवाय जात नाहीत, आणि कॉलरमधला प्लास्टिकचा तुकडा काढ, लोक तसेच घालून जातात.

दीड_शहाणा
एवढं काय त्यात, चाकणला सगळे जीन्सवरच फिरतात, मी स्वतः जीन्स टीशर्टवर सिलेक्ट झालोय. आहे ती जीन्स घाल आणि जा.

टाचणी
तुम्ही आयटीवाले असाल.

दीड_शहाणा
हो, पण प्लांटमधल्या आयटीत 😀

प्रेसशॉपवाला
जे जीन्सवर फिरतात ते ऑलरेडी आत आहेत भाऊ. तरी समजा दुकान मिळालंच नाही तर गडद निळी, न फाटलेली जीन्स आणि कोणाचा तरी प्लेन शर्ट, तेवढ्यावरून नोकरी जाणार नाही. फुलाफुलांचा टॉप ठेव बाजूला.

फाईल_नंबर_सात
मी एचआरला आहे (चाकणला नाही, रांजणगावला), सगळे कपड्यात अडकलेत म्हणून मेंदीवर बोलते. ती घालवायच्या भानगडीत पडू नकोस. लिंबू, मीठ, ब्लीच, टूथपेस्ट काय काय लावतात पोरी, मेंदीचा रंग कातडीच्या वरच्या थरालाच धरलेला असतो, तो थर झडेल तसा जातो, एका रात्रीत फक्त पट्टे पडतात आणि हात लाल होतात. तसं दिसण्यापेक्षा अख्खी मेंदी बरी. फुल बाही घाल, मनगटापुढे जी दिसेल ती दिसू दे. नेलपेंट मात्र काढ, आणि रिमूव्हर आजच घे.

खरी गोष्ट अशी आहे की मेंदी बघून पॅनेलवरच्या कोणाच्या तरी मनात येणारच की हिचं नुकतंच लग्न झालंय किंवा होणारे, मग ही इथे टिकेल का, नवरा कुठे असतो, रात्रपाळीला घरचे सोडतील का. हे विचारणं चूक आहे, मी आमच्या लोकांना विचारू देत नाही, पण सगळीकडे मी नाहीये. तू वाटच बघू नकोस. बसलीस की पहिल्या मिनिटाला, पाणी वगैरे विचारतात तेव्हा, सहज बोलून टाक की काल बहिणीचं लग्न होतं, तिथूनच आले. एका वाक्यात विषय मिटतो आणि वर तुझ्याबद्दल हे कळतं की लग्नाच्या धावपळीतून पण बोलावल्यावर आली. स्वतःच्या लग्नाबद्दल आपणहून काही सांगायची गरज नाही. तरी विचारलंच तर "शिफ्टला माझी हरकत नाही" एवढंच, जर खरंच नसेल तर.

आणि अजून एक, आत्ताच्या आत्ता एचआरला फोन नाहीतर मेसेज कर. "सर, शॉप फ्लोअर व्हिजिट असणार आहे का, सेफ्टी शूज आणावे लागतील का" असं विचार, शॉप फ्लोअर म्हणजे मशीनं चालतात ती जागा. लोकांना वाटतं असं विचारलं तर आपण अडाणी दिसू, पण क्वालिटीच्या उमेदवाराने सेफ्टी शूजचं विचारलं तर मला तरी बरंच वाटेल.

जळगावची_मेक
बापरे किती उत्तरं, थँक्यू सगळ्यांना 🙏 एचआरला मेसेज केला, ते म्हणाले शॉप राउंड आहे, शूज आम्ही देऊ, साईझ सांगा. म्हणजे @प्रेसशॉपवाला दादा बरोबर निघाले. पण शूज तिथे मिळेपर्यंत गेटपर्यंत काय घालू? वहिनीचे काळे बेली आहेत, एक नंबर मोठे. आणि दादाच्या बायकोची, म्हणजे त्याच वहिनीची, काळी फॉर्मल पॅन्ट पण आहे घरी, ती कंबरेत सैल होतेय. मग नवीन कशाला घेऊ?

अनारकलीवरून आईशी वाद चालू आहे. तिचं म्हणणं शर्ट पॅन्टमधे मी मुलगा दिसते.

टाचणी
पॅन्ट मिळाली ना, मग पैसे बुटात घाल. सैल कंबरेला पट्टा लावलास तर पुढे चुण्या पडतात, त्यापेक्षा मागच्या बाजूला मधोमध आतून चिमटा घेऊन टाके मार, वरून शर्ट सोडणार असशील तर कोणाला दिसणार पण नाही. इन करायची असेल तर कंबरेत बसणारीच घे.

आईसाठी मधला मार्ग सांगू का? मांडीपर्यंत येणारा सरळ कटचा कुर्ता, साईडला कट असलेला, पूर्ण बाहीचा, प्लेन, ओढणीशिवाय, खाली तीच पॅन्ट. प्लांटवर पण चालतो आणि आई पण गप्प.

प्रेसशॉपवाला
कुर्ता ओके. बाहीला बटण किंवा कफ असलेला बघ.

एक नंबर मोठे बेली नको, ते टाचेतून निघतात. मेन गेटपासून ऑफिस ब्लॉक कधीकधी चांगलाच लांब असतो आणि मे मधे ते डांबर तापलेलं असतं. आपल्या मापाचे साधे स्नीकर घे आणि मोजे विसरू नको, कारण तिथले सेफ्टी शूज दुसऱ्याने घातलेले असतात, मोज्याशिवाय पाय घालवत नाही. मोजे जाड घे, ते बूट आतून कडक असतात.

बाकी, गेटवर पास बनवायला वेळ जातो. ओरिजिनल आधार जवळ ठेव, फोनच्या कॅमेऱ्यावर स्टिकर लावतील, आणि सर्टिफिकेट फोनमधे दाखवते म्हणू नको, प्रिंट काढून ने. आणि कपड्यांवरून आता डोकं काढ आणि व्हर्नियर मायक्रोमीटरचा लीस्ट काउंट (कमीत कमी किती मोजता येतं ते), सेव्हन क्यूसी टूल्स (क्वालिटीची सात साधनं), पीपॅपमधे (पार्ट मंजूर करून घ्यायची कागदपत्रं) काय काय असतं हे रात्री बघून घे. चटईतून ऑटोमोटिव्हमधे येतेयस तर पीपॅप आणि एफएमईए (काय बिघडू शकतं त्याचा आधीच केलेला विचार) विचारणारच.

सौ_अनुभव
आणि गजऱ्याचा वास राहतो हो केसांना, स्प्रे पण असेल, आज रात्रीच धुऊन घे, सकाळी ओले केस घेऊन निघू नकोस. वर भरमसाट सेंट मारू नकोस. साडीचं मी मागे घेते.

दीड_शहाणा
कोथरूडहून जाणार कशी पण?

जळगावची_मेक
मेट्रोने वनाजहून, सिव्हिल कोर्टला बदलून पीसीएमसी, पुढे कॅब असं काका म्हणतात. काकांची गाडी सकाळी पूजेच्या सामानासाठी लागणार आहे.

प्रेसशॉपवाला
ते चांगलं आहे, निदान निम्म्या वाटेत इस्त्री टिकेल. पीसीएमसीपुढे मोशी आणि चाकण चौकात सकाळी काय होतं ते विचारू नकोस. साडेदहाची वेळ आहे तर सातच्या मेट्रोत बस. लवकर पोचलीस तर गेटसमोर चहाच्या टपऱ्या असतात, तिथे बस, पण वडापाव खाऊ नको, निळ्या शर्टावर चटणी पडली की झालं.

जळगावची_मेक
पाठवणी झाली, सगळे रडतायत आणि मी मधेच वहिनीला विचारलं चल ना दुकानात, तर ती डोळे पुसत पुसत लगेच गाडीची किल्ली शोधायला लागली 😂 निघतोय. कुर्ता आणि बूट दोन्ही बघते, पॅन्टला टाके रात्री. कुर्ता गडद निळा घेऊ का राखाडी?

टाचणी
राखाडीवर घामाचे डाग दिसतात. गडद निळा.