प्रतिसाद: परदेशातला खर्च कोणत्या चलनात लिहावा?

रोज रात्री सगळा खर्च रुपयांत लिहा, ही वरची सूचना मला अर्धीच पटली. लिहायचं रोजच, पण तिथल्या चलनात. रुपये करायचे ते कार्डाचं स्टेटमेंट आल्यावर. गूगलवर दिसतो तो दर आपल्या हाती पडतच नाही: बऱ्याच क्रेडिट कार्डांवर ३.५ टक्क्यांपर्यंत मार्कअप (परकीय चलनातल्या खर्चावर बँक लावते ते जादा शुल्क), त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे जवळपास ४.१३ टक्के. लाखभराच्या खर्चावर चार हजारांच्या वर गेले, आणि वहीत त्यांचा पत्ताच नाही!

दुकानातलं मशीन ‘रुपयांत देणार का?’ विचारतं तेव्हा सरळ नाही म्हणा. तेव्हा रुपयांसाठी लावतात तो दर त्यांच्या सोयीचा असतो, आपल्या नव्हे. काही ठिकाणी न विचारताच रुपये निवडतात, तेव्हा पिन टाकण्याआधी स्क्रीनवरचं चलन बघा.

आणि नाशिककरांनो, बजेट विमानतळापासून धरू नका. आपल्या द्वारका चौकातून मुंबईची टॅक्सी, टोल, घाटाआधीचा चहा-नाश्ता, परतीचं भाडं... आपला खर्च इथूनच सुरू होतो.

उरलेले डॉलर लगेच विकायची घाई नको. २,००० डॉलरपर्यंतच्या नोटा जवळ ठेवायला परवानगी आहे. पुढचा प्रवास ठरलेला असेल तर खरेदी-विक्रीच्या दरातला भुर्दंड तरी वाचेल.