मदत हवी आहे: घरच्या मॉइश्चरायझरच्या वड्या रवाळ होताहेत, अर्जंट

ओवी_नाशिक | १९ जानेवारी, रात्री १०:४०

घरी मॉइश्चरायझरच्या वड्या करतेय, त्या हल्ली मिळतात ना लोशन बार, तशा. वरून छान गुळगुळीत दिसतात, पण हातावर फिरवल्या की रवा टोचतो. शिवाय डबीत ठेवल्या की खाली पाणी सुटतं. रेसिपी बरोबर आहे, मैत्रिणीच्या त्याच प्रमाणात मस्त झाल्या. रविवारी हळदीकुंकू आहे आणि वाण म्हणून हेच द्यायचं ठरलंय, पत्र्याच्या डब्यासुद्धा आणून झाल्यात. काय चुकतंय ते पटकन सांगा. "त्यापेक्षा बाजारातून आण" हा सल्ला कृपया नको.

दादरकर | रात्री १०:५२

मेण कमी पडतंय. बिनधास्त वाढवा. मी ४० टक्के घालतो, मे महिन्यात लोकलच्या गर्दीतही खिशात वडी टिकते.

गंधक | रात्री ११:०५

"त्याच प्रमाणात" म्हणजे कोणत्या? बटर कोणतं, तेल कोणतं, मेण कसलं, आणि गार कसं केलंत? एवढं सांगितल्याशिवाय कोण काय सांगणार?

ओवी_नाशिक | रात्री ११:०९

कोकम बटर, खोबरेल, मेण. सगळं समान. सगळे हेच घालतात ना?

गंधक | रात्री ११:१२

समान म्हणजे वजनाने?

ओवी_नाशिक | रात्री ११:१३

वाटीने.

मालवणी_माणूस | रात्री ११:३०

कोकम बटर म्हणजे आमचं मुठेलच. आजी दर उन्हाळ्यात काढायची. रातांबे म्हणजे कोकमाची फळं फोडून आगळ (खारवलेला रस) आणि सोलं झाली की बिया उन्हात खडखडीत वाळवायच्या, फोडायच्या, आतला गर कुटायचा आणि पाण्यात रटरट उकळायचा. वर जे तरंगतं ते काढून घ्यायचं आणि आळत आलं की मुठीत दाबून गोळे करायचे. त्या गोळ्यांवर बोटांचे ठसे दिसतात. थंडीत टाचांना भेगा पडल्या की गोळा दिव्यावर जरासा धरायचा आणि भेगेत भरायचा. ना मेण, ना तेल, ना साचा. तुम्ही लोक साध्या गोष्टीचा केवढा खटाटोप करता!

सुलभा_काकू | रात्री ११:४१

मुठेल हल्ली चांगलं मिळतं कुठे? आणि अस्सल आगळ? मागच्या वर्षी एका ठिकाणाहून आणलं तर नुसतं रंगाचं पाणी. सोलकढी गुलाबी झाली खरी, पण आंबटपणाचा पत्ता नाही.

मालवणी_माणूस | रात्री ११:४४

काकू, अस्सल आगळात मीठ भरपूर असतं, आधी चाखून बघा. खारट लागलं नाही तर घेऊ नका. मग कढीत वरून मीठ घालताना हात आखडता.

ओवी_नाशिक | रात्री ११:४६

सोलकढीचा वेगळा धागा काढा ना प्लीज. माझ्या वड्या!

गंधक | २० जानेवारी, सकाळी ७:२०

वाटीने मोजलंत तिथे पहिली गडबड. बटरचे खडे वाटीत भरले की मध्ये पोकळी राहते, तेल मात्र काठोकाठ बसतं. म्हणजे समान झालंच नाही. स्वयंपाकघरातला वजनकाटा घ्या.

रवाळपणाचं कारण वेगळं आहे. कोकम बटरमध्ये स्टिअरिक आम्लाचा, म्हणजे लवकर गोठणाऱ्या मेदाम्लाचा, वाटा निम्म्याच्या आसपास किंवा जास्तच असतो. मिश्रण सावकाश निवलं की आधी गोठणारा भाग बाजूला होऊन त्याचे कण वाढत जातात, बाकीचं मागाहून गोठतं. सावकाश निवलेलं तूप रवाळ होतं तसंच. तुपात तो रवा हवासा असतो, इथे नको असतो. म्हणून पुन्हा विचारतो, गार कसं केलंत?

ओवी_नाशिक | सकाळी ८:०२

गॅस बंद केला आणि पातेल्यातच झाकून ठेवलं. कोमट झाल्यावर साच्यात ओतलं. मैत्रीण असंच करते. ती शिया बटर घेते, पण बटर ते बटरच ना?

गंधक | सकाळी ८:१०

नाही. शिया मऊ असतं, कोकम बटर ३८ ते ४० अंशांच्या आसपास वितळतं आणि बोटाने दाबलं तर कडकन तुटतं. आणि सावकाश निवलं तर शियासुद्धा रवाळ होतं, मैत्रिणीचं नशीब चांगलं.

वड्या टाकू नका, तुकडे करून पुन्हा वितळवा. गरम पाण्याच्या पातेल्यात भांडं ठेवून, थेट आचेवर नाही. ७५-८० अंशांपर्यंत जाऊ द्या आणि थोडा वेळ तिथेच ठेवा, म्हणजे जुना एकही कण उरत नाही. मग खाली उतरवून ढवळत राहा, कडेला धुरकट साय धरायला लागली की साच्यात ओता आणि लगेच फ्रिजमध्ये.

निसर्गस्पर्श | सकाळी ९:१५

८० अंश??? बटरचे सगळे गुण जातात अशाने. मी फक्त वितळेपर्यंत ठेवते, हात लावता येईल इतपतच.

गंधक | सकाळी ९:२२

मधमाशीचं मेण ६२ ते ६४ अंशांना वितळतं. हात लावता येईल इतक्या तापमानाला तुमचं मेण वितळतं कसं? आणि मालवणी_माणूस यांनी वर लिहिलंय ते वाचा. मुठेल निघतंच मुळी उकळत्या पाण्यातून.

निसर्गस्पर्श | सकाळी ९:२५

माझ्या वड्या छान होतात. एवढंच सांगते.

वैद्य_नाना | सकाळी ९:५०

यापेक्षा शतधौत घृत करा. तांब्याच्या परातीत गाईचं तूप घेऊन पाण्याने शंभर वेळा फेसायचं, दर वेळी पाणी ओतून टाकायचं. लोण्यासारखं पांढरंशुभ्र मलम होतं. कोरड्या त्वचेला याहून चांगलं काही नाही.

दादरकर | सकाळी ९:५५

नाना, तिला वडी हवीय, मलम नव्हे. आणि त्यात पाणी राहतंच, वाण घेऊन गेलेल्या बायका फ्रिजमध्ये थोड्याच ठेवणार? पंधरवड्यात खवट वास येईल. मेण वाढवा हो.

हौशी_साबणवाली | सकाळी १०:३०

कॉस्टिक सोडा वजनाने अचूक घेतला होता का? वड्या चारेक आठवडे मुरू द्याव्या लागतात, लगेच वापरल्या तर टोचणारच.

ओवी_नाशिक | सकाळी १०:३३

साबण नाहीये हो हा!! आणि पाणी का सुटतं ते अजून कुणीच सांगितलं नाही.

गंधक | सकाळी १०:४०

ते पाणी आहे की तेल? टिश्यूचा तुकडा तिथे टेकवा आणि पंख्याखाली ठेवा. सुकून कोरा झाला तर पाणी, पारदर्शक डाग राहिला तर तेल.

ओवी_नाशिक | सकाळी ११:२५

मधला भाग सुकला, कडेला थोडा डाग राहिलाय. म्हणजे काय?

गंधक | सकाळी ११:२८

म्हणजे दोन्ही. रेसिपीत पाण्याचं काय आहे? गुलाबपाणी? ग्लिसरीन?

ओवी_नाशिक | सकाळी ११:३१

पाणी नाही घातलं. फक्त कोरफडीचा गर, घरच्या कुंडीतला, दोन चमचे. तो नैसर्गिक आहे.

मेघा_ठाणे | सकाळी ११:३३

सापडलं!

गंधक | सकाळी ११:४०

कोरफडीचा गर जवळजवळ सगळा पाणीच असतो. तेलात पाणी मिसळत नाही, त्यासाठी इमल्सिफायर, म्हणजे दोन्ही एकत्र धरून ठेवणारा पदार्थ, लागतो. गार होताना तो बाहेर येणारच, आणि पाणी आलं की बुरशीलाही आमंत्रण. या वडीत प्रिझर्वेटिव्ह न घालता भागतं ते केवळ तिच्यात पाण्याचा अंश नसतो म्हणून. आणि व्हिटॅमिन ई घातलंय, आता काही होणार नाही, असं कुणी म्हणायच्या आत सांगतो: त्याने तेल खवट व्हायला वेळ लागतो, बुरशी थांबत नाही.

वैद्य_नाना | दुपारी १२:०५

टाकणखार घाला. जुन्या कोल्ड क्रीममध्ये मेण आणि टाकणखार असायचाच, पाणी व्यवस्थित धरून ठेवतो.

गंधक | दुपारी १२:१५

नाना, ते खरं आहे, मेणातल्या आम्लाशी टाकणखाराचा संयोग होतो आणि क्रीम जमतं. पण होतं ते क्रीम, वडी नव्हे. शिवाय भेगाळलेल्या त्वचेला आणि लहान मुलांना टाकणखार (बोरॅक्स) लावू नये. हळदीकुंकवाला येणाऱ्यांच्या घरी तान्ही बाळं असणारच.

खटपटे_अण्णा | दुपारी १२:४०

विकणार असाल तर लक्षात ठेवा, सौंदर्यप्रसाधनं बनवून विकायला परवाना लागतो. १९४० चा औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा आणि २०२० चे नियम.

ओवी_नाशिक | दुपारी १२:४२

वाण विकत नाहीत काका.

मेघा_ठाणे | दुपारी १:१०

तेलाचा डाग का राहिला मग? मेण कुठलं आहे?

ओवी_नाशिक | दुपारी १:१४

मेणबत्तीवाल्याकडचं. पिवळं आहे.

मेघा_ठाणे | दुपारी १:२०

पिवळा रंग कशालाही देता येतो. एक तुकडा मुठीत धरून बस. मऊ होऊन मधाचा वास आला तर मधमाशीचं. निसरडं लागलं आणि वास नसेल तर पॅराफिन. पॅराफिन तेल नीट धरत नाही, वडीला घाम येतो.

ओवी_नाशिक | दुपारी १:३८

काही वास नाही. 😡 आता रविवारपर्यंत मधमाशीचं मेण कुठून आणू?

सह्यभटक्या | दुपारी २:०५

खादीच्या दुकानात विचारा, नाहीतर ओळखीचा मधपाळ गाठा. महाबळेश्वरला मध संचालनालय आहे आणि जवळचं मांघर २०२२ मध्ये मधाचं गाव म्हणून जाहीर झालं. तिकडे गेलात तर सातेरी मधमाश्यांच्या पेट्या नक्की बघा, मधपाळ पोळं उचलून दाखवतात. जांभळाचा मध कडसर असतो, फसवलं असं समजू नका.

दादरकर | दुपारी २:१०

मेण मिळालं की ४० टक्के. लिहून घ्या.

निफाडची_पोर | दुपारी २:३०

दादरकर, धाग्याचं नाव नाही तर निदान आयडी तरी वाचा. ओवी नाशिकची आहे. आमच्याकडे सकाळी अंघोळीच्या आधी खोबरेलाची बाटली चुलीजवळ ठेवावी लागते. इथे ४० टक्के मेणाची वडी हातावर फिरवली तर कातडं निघेल, वडी नाही झिजणार.

दादरकर | दुपारी २:३४

अच्छा, नाशिक. मला वाटलं ओवी_नाशिक म्हणजे माहेर.

गंधक | दुपारी ३:००

हा मुद्दा बरोबर आहे. खोबरेल २४-२५ अंशांच्या खाली गोठतं, म्हणजे या थंडीत तेलाचं काम ते करतच नाही, उलट वडी आणखी कडक होते. त्याऐवजी तिळाचं किंवा बदामाचं तेल घ्या. वजनावर १०० ग्रॅमला मेण २० ग्रॅम, कोकम बटर ३०, तेल ५०. सगळं एकदम ओतण्याआधी चमचाभर मिश्रण बशीत घालून फ्रिजमध्ये ठेवा आणि बोटाने घासून बघा. फार कडक वाटलं तर तेल, मऊ वाटलं तर मेण थोडं वाढवा.

निफाडची_पोर | दुपारी ३:०८

मेण नाहीच मिळालं तर बटर ६० आणि तिळाचं तेल ४०. आत्ता घट्ट राहते. फक्त डबीवर लिही, उन्हाळ्याआधी संपवा.

सुलभा_काकू | दुपारी ३:४०

ओवी, थोडा भीमसेनी कापूर घाल गं, वास किती छान येतो. आणि लिंबाचा रस, उजळपणासाठी.

मेघा_ठाणे | दुपारी ३:४५

काकू, दोन्ही नको. कापूर लहान मुलांना घातक असतो, आणि अशी वडी हमखास बाळाच्या हातात जाते, मग तोंडात. लिंबाचा रस म्हणजे परत पाणी, शिवाय तो लावून उन्हात गेलं की काळे डाग पडतात. वास हवाच असेल तर खरं मेण पुरेसं आहे, मधाचा हलका वास येतो.

ओवी, एक चिठ्ठी मात्र डबीत टाक: अंघोळीनंतर अंग ओलसर असतानाच लावा. या वडीत स्वतःचं पाणी नाही, ती त्वचेतलं पाणी आत अडवून ठेवते. कोरड्या हाताला चोळून "काही फरक नाही" म्हणतील आणि नाव तुझं खराब होईल.

ओवी_नाशिक | रात्री ९:५०

जाऊबाईंना खादीच्या दुकानात मेण मिळालं, वास येतोय मधाचा. बशीतला नमुना छान जमला, रवा नाही. कोरफड कुंडीतच राहू दिली. आता एकच सांगा, पातेल्याला मेण चिकटून बसलंय, साबणाने निघत नाही, सासूबाई उठायच्या आत स्वच्छ हवंय.

निफाडची_पोर | रात्री ९:५४

पाणी न घालता परत कोमट कर, वर्तमानपत्राने पुसून घे, मग गरम पाणी आणि साबण. मोरीत ओतू नकोस, पाइपात गोठून बसेल.

ओवी_नाशिक | रात्री १०:२०

निघालं! 🙏 सगळ्यांचे आभार. गंधक, पुढच्या वेळी वजनाने.

नवा_गडी | २३ जानेवारी, दुपारी ४:१५

सगळे प्रतिसाद वाचले नाहीत, पण मला वाटतं मेण कमी पडतंय.