फ्लॅटचं ॲग्रीमेंट करायच्या आधी काय काय बघायचं? (पुणे, चौघं स्टुडंट)

लातूरचा_पाहुणा
नमस्कार मंडळी, आम्ही चौघं लातूरचे, पुण्यात इंजिनिअरिंगला ॲडमिशन झालंय, हॉस्टेलला नंबर लागला नाही म्हणून कर्वेनगरला टू बीएचके बघितलाय. भाडं २४ हजार, डिपॉझिट ७५ हजार, ब्रोकरेज एक महिन्याचं. ओनर बाहेरगावी असतो, सगळं एजंटच बघतो. त्याने काल ११ महिन्यांच्या ॲग्रीमेंटचा ड्राफ्ट पाठवला, सगळा इंग्लिशमध्ये, आणि लगेच टोकन द्या म्हणून मागे लागलाय, नाहीतर म्हणे दुसरी पार्टी रेडी आहे. ६ महिन्यांचा लॉक-इन आहे (म्हणजे तोवर घर सोडता येत नाही), पेंटिंगचे पैसे डिपॉझिटमधून कापणार असं लिहिलंय पण किती ते नाही, आणि नाव फक्त माझंच टाकलंय. वर म्हणतो रजिस्टर करायला पाच हजार लागतील, त्यापेक्षा ५०० च्या स्टॅम्पवर नोटरी करून देतो, स्टुडंट लोक तसंच करतात. आमच्याकडे गावाला भाड्याचं सगळं तोंडीच असतं त्यामुळे घरी पण कुणाला विचारता येईना. नोटरी चालते का? आणि ड्राफ्टमध्ये काय बदलून घेऊ?

कोथरूडचा_काका
नोटरीच्या नादाला अजिबात लागू नका. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९, कलम ५५, लीव्ह अँड लायसन्स (हेच तुमचं ११ महिन्यांचं ॲग्रीमेंट) रजिस्टर करावंच लागतं आणि ती जबाबदारी ओनरची, तुमची नाही. न केल्यास त्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. आणि गंमत म्हणजे कागद रजिस्टर नसताना वाद झाला तर कुठल्या अटींवर घर दिलं होतं याबद्दल राहणारा सांगेल तेच आधी धरतात, खोटं ठरवायचं काम ओनरचं. एजंटला एवढंच विचारा की हे ओनरला माहितीये का!
खर्चाचं पण सांगतो. स्टॅम्प ड्युटी एकूण भाड्याच्या पाव टक्का, त्यात डिपॉझिटवर वर्षाला १० टक्के व्याज धरून ते मिळवतात, म्हणजे तुमचे सातशेच्या आतच होतात. महापालिका हद्दीत रजिस्ट्रेशन फी १०००. बाकी राहिलं ते मुख्यतः एजंटचं आणि थंबचं (अंगठ्याच्या ठशाचं) मशीन घेऊन घरी येणाऱ्या माणसाचं, तिथे घासाघीस करा. झाल्यावर रजिस्टर्ड कॉपी आणि इंडेक्स टू (रजिस्ट्रेशनचा सरकारी उतारा) मागून घ्या, बऱ्याच ठिकाणी ॲड्रेस प्रूफला तेच लागतं.

डेक्कन_क्वीन_९
काकांना +१ पण माझ्या मते तुझा खरा प्रॉब्लेम एकट्याचं नाव हा आहे. उद्या दोघं सेमनंतर कॉलेज बदलून गेले तरी २४ हजार तुझ्याच डोक्यावर, आणि त्या तिघांचं म्हणशील तर त्या घरात राहायचा कागदच नाही त्यांच्याकडे, ओनर उद्या म्हणाला हे कोण तर काय दाखवणार. चौघांची नावं टाका. मग भाड्याला चौघं मिळून बांधील होता, म्हणून मधेच कुणी गेला तर त्याचा हिस्सा कोण भरणार आणि त्याचं डिपॉझिट कधी द्यायचं हे आपसात आत्ताच व्हॉट्सॲपवर लिहून ठेवा, नंतर मैत्रीत विषय काढता येत नाही.
लॉक-इन नीट वाच. काही ड्राफ्टमध्ये लॉक-इन फक्त भाडेकरूला असतो आणि ओनर मात्र एक महिन्याच्या नोटिशीवर कधीही बाहेर काढू शकतो. दोघांना सारखा करून घे, नाहीतर सेमिस्टरच्या मधोमध सामान घेऊन फिरायची वेळ यायची.

लातूरचा_पाहुणा
थँक्यू ताई, काका. एक राहिलंच, आमच्यातला एकजण नोव्हेंबरमध्ये १८ पूर्ण करतोय, त्याचं पण नाव टाकायचं का?

डेक्कन_क्वीन_९
नाही चालणार, १८ च्या आतल्याचा करार कायद्याने करारच धरत नाहीत (१८७२ चा कॉन्ट्रॅक्ट ॲक्ट). त्याच्या वडिलांना किंवा आईला लायसेन्सी (करारात घर घेणारा) करा आणि राहणाऱ्यांमध्ये मुलाचं नाव लिहून घ्या. थंबला त्यांना पण यावं लागेल, तारीख तशी ठरवा.

भाड्याने_देणारा
ओनरची बाजू पण ऐका जरा, माझा स्वतःचा फ्लॅट मी पोरांनाच देतो. पेंटिंगचे पैसे कापणं काही गुन्हा नाही, भिंतीला टेप लावून पोस्टर चिकटवतात तुम्ही लोक, प्लास्टरसकट निघतं. पण आकडा लिहिलेला पाहिजे हे बरोबर. आकडा नसेल तर शेवटी एजंट म्हणेल ती पूर्वदिशा. चावी घेताना प्रत्येक खोलीचा व्हिडिओ काढून ओनरला त्याच दिवशी पाठवा, लाईटच्या मीटरचं रीडिंग पण त्यातच. डिपॉझिट चावी परत देताना त्याच दिवशी मिळेल असं लिहून घ्या, नाहीतर ‘हिशोब करून कळवतो’ म्हणत महिने जातात.
आणि ११ महिने संपले की एकतर रिन्यू करा नाहीतर घर सोडा. मुदतीनंतर राहिलात तर कलम २४ खाली दुप्पट भाड्याने भरपाई लागते, परीक्षा चालू आहे वगैरे कारण चालत नाही.
सोसायटीने नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस (ओनर स्वतः न राहता भाड्याने देतो म्हणून घेतात ते) मागितले तर ते ओनरचं खातं. ते पण सर्व्हिस चार्जेसच्या १० टक्क्यांवर घेता येत नाहीत. पोलीस व्हेरिफिकेशन मात्र टाळू नका, ऑनलाइन होतं.

लातूरचा_पाहुणा
अपडेट: कलम ५५ चा मेसेज टाकल्यावर एजंटने नोटरीचं नावच काढलं नाही. चौघांची नावं आणि दोन्हीकडून सारखा लॉक-इन मान्य, मित्राचे वडील रविवारी येतायत थंबला. पेंटिंगचे १५ हजार म्हणतोय, आम्ही ८ वर अडून बसलोय. टोकन अजून दिलेलं नाही.