मदत हवी आहे: व्हीलॅन २० दिला तरी पीसीला जुन्याच रेंजचा आयपी

घाईगडबड: स्विचचा पोर्ट ७ व्हीलॅन (त्याच स्विचवर वेगळं केलेलं नेटवर्क) २० मध्ये टाकला. आयपी १९२.१६८.२० चा हवाय, येतोय १९२.१६८.१ चा. स्विच रीस्टार्ट केला, केबल बदलली. लवकर सांगा.

केबलकोडे: 'टाकला' म्हणजे काय केलंत? स्विच कमांडवाला की ब्राउझरवाला? पोर्ट टॅग्ड (फ्रेमवर, म्हणजे डेटाच्या पाकिटावर, व्हीलॅन क्रमांकाची चिठ्ठी ठेवणारा) की अनटॅग्ड? पीव्हीआयडी (पोर्टचा मूळ व्हीलॅन क्रमांक) किती?

घाईगडबड: ब्राउझरवाला. २० च्या पानावर ७ समोर 'टी' (टॅग्ड) आहे. पीव्हीआयडी कुठे असतो?

निवांत: २० चा स्टॅटिक (हाताने भरलेला) आयपी द्या, विषय संपला.

केबलकोडे: निवांत, फ्रेमच चुकीच्या व्हीलॅनमध्ये शिरतेय, गेटवे (राउटर) पिंग कसा होणार?
घाईगडबड, पीसी टॅग न लावता फ्रेम पाठवतो. ती कुठल्या व्हीलॅनची हे आत येताना पीव्हीआयडी ठरवतो. टी-यू (टॅग्ड-अनटॅग्ड) मुळे बाहेर जाताना टॅग ठेवायचा की काढायचा ते ठरतं. तुमचा ७ अजून व्हीलॅन १ मध्ये यू आणि पीव्हीआयडी १ असणार, म्हणून १ चा डीएचसीपी (आयपी वाटणारा सर्व्हर) उत्तर देतोय. आधी २० मध्ये ७ ला यू करा, मग पीव्हीआयडी २०, शेवटी व्हीलॅन १ मधून ७ काढा. राउटरकडचा पोर्ट २० मध्ये टी च ठेवा. सेटिंग ज्या पोर्टवरून करताय त्याला हात लावू नका, नाहीतर स्विचचं पानच उघडणार नाही.

फ्रेमपुराण: ॲक्सेस पोर्टवर (एकाच व्हीलॅनचा अनटॅग्ड पोर्ट) टॅगवाली फ्रेम आली की स्विच ती फेकतो, हेही लिहा.

केबलकोडे: सरसकट नाही. टॅग त्याच व्हीलॅनचा असेल तर बरेच स्विच घेतात. टॅगमध्ये व्हीलॅन आयडी ० असलेली, नुसती प्रायॉरिटीवाली (अग्रक्रम सांगणारी) फ्रेम तर पीव्हीआयडीतच जाते.

फ्रेमपुराण: मॉडेलवर आहे ते. भरवसा ठेवू नये.

निवांत: पीसीवर वायरशार्क (फ्रेम उघडून दाखवणारं सॉफ्टवेअर) लावा, टॅग दिसेलच.

फ्रेमपुराण: अनेक नेटवर्क कार्डांचे ड्रायव्हर टॅगचे ४ बाइट आधीच काढून टाकतात. दिसला नाही म्हणजे नव्हता असं नाही.

वायफायवेडा: ॲक्सेस पॉइंटला (वायफाय देणाऱ्या डब्याला) असा नुसता अनटॅग्ड पोर्ट देऊ नका. एसएसआयडी (वायफायची नावं) वेगवेगळ्या व्हीलॅनवर असतील तर ते व्हीलॅन टॅग्ड लागतात.

केबलकोडे: इथे ॲक्सेस पॉइंट आहे कुठे?

घाईगडबड: पीव्हीआयडी वेगळ्या पानावर होता, १ च. २० केला, ७ ला १ मधून काढलं. आयपी अजून जुनाच!

केबलकोडे: लीज (डीएचसीपीने ठरावीक मुदतीसाठी दिलेला आयपी) जुनी आहे. पीसीवर कमांड द्या: आयपीकॉन्फिग रिलीज, मग रिन्यू.

घाईगडबड: आला. याच पोर्टवर आयपी फोन लावून फोनमागे पीसी जोडला तर?

केबलकोडे: फोनचा व्हीलॅन ३० धरा: ३० मध्ये ७ ला टी, ७ चं बाकी तसंच. फोनला ३० कळवायला एलएलडीपी-मेड (स्विच फोनला व्हीलॅन सांगतो ती पद्धत) वापरा, नाहीतर फोनमध्येच ३० भरा. स्विचचं मॉडेल सांगा, अजून सांगितलंच नाहीत.