सूप ढवळणं सोपं, सोबत राहणं अवघड

‘राहणं-जेवण फुकट मिळत असेल तर त्यात साधेपणा कसला, ती तर सोयच,’ असं सेवाभावी संस्थेत राहून काम करणाऱ्या स्वयंसेवकांबद्दल कुणीतरी म्हटलंय. न्यूयॉर्कच्या ‘कॅथलिक वर्कर’ या गरिबांसाठी काम करणाऱ्या ख्रिस्ती चळवळीतल्या लोकांना हे लागू होईल असं मला वाटत नाही.

डोरोथी डे आणि पीटर मॉरिन यांनी १९३३ साली, महामंदीत, एक सेंट किमतीचं वर्तमानपत्र काढून ही चळवळ सुरू केली. त्यातूनच आतिथ्यगृहं, म्हणजे गरजूंना आसरा आणि जेवण देणारी घरं, उभी राहिली. मॅनहॅटनमधल्या सेंट जोसेफ हाऊसमध्ये रस्त्यावरच्या लोकांना सूप मिळतं. स्वयंसेवकांना पगार नाही, फक्त खोली आणि जेवण. पण ते पंगत वाढून घरी जात नाहीत. बेघर, आजारी, दारूने खचलेली माणसं त्याच छताखाली असतात. टेबल तेच, न्हाणीघरही तेच. खरा कस इथे लागतो. सूप काय, कुणीही ढवळेल!

पैशाच्या बाबतीत तर ही मंडळी हट्टीच. १९६० मध्ये न्यूयॉर्क शहराने भुयारी रेल्वेसाठी त्यांची जागा घेतली आणि मोबदल्यावर साडेतीन हजार डॉलरहून जास्त व्याज दिलं. डोरोथीबाईंनी ते परत पाठवलं, कारण व्याज घेणंच त्यांना मान्य नव्हतं. करसवलतीसाठी नोंदणीही केली नाही. १९७२ मध्ये कर खात्याने जवळपास तीन लाख डॉलर मागितले. बोभाटा झाल्यावर मागणी सोडून दिली.

व्याज परत करणं मला आजही अतिरेकी वाटतं. तेवढ्यात कितीतरी पातेली शिजली असती.