मदत हवी आहे: मागचा टायर रिमवर चढत नाहीये

अडलंय_चाक
मोटरसायकलचा मागचा टायर घरीच बदलतोय. जुना निघाला, नव्याची एक बाजू आत गेली. दुसरी बाजू वीतभर राहिलीये आणि ती काही केल्या जात नाही. टायर चढवायच्या लोखंडी पट्ट्या वापरतोय, पण तिसरी पट्टी लावली की पहिली उडते. साबणाचं पाणी लावलंय. उद्या सकाळी गाडी लागणार आहे, लवकर सांगा. 'गॅरेजला न्या' हा सल्ला कृपया नको.

जुना_पान्हा
ट्यूब आहे की ट्यूबलेस? स्पोकचं चाक की अलॉय? साइज काय? यातलं काहीच न लिहिता लवकर काय सांगू?

निवांत
गॅरेजला न्या. मशीनवर पाच मिनिटांचं काम आहे.

अडलंय_चाक
निवांतराव, शेवटची ओळ वाचा की. स्पोकचं चाक, १००/९०-१७, ट्यूब आत टाकलीये.

जुना_पान्हा
मग ताकद लावू नका. टायरच्या कडेत, म्हणजे बीडमध्ये, पोलादी तारा असतात. त्या ताणल्या जात नाहीत, कितीही रेटा. रिमच्या मधोमध खोलगट पन्हळ असते ना, ती याचसाठी. पट्टी जिथे लावताय त्याच्या बरोबर समोरचं बीड त्या पन्हळीत उतरलं, तरच इकडे ढील मिळते. चाक आडवं ठेवा, समोरच्या बाजूवर दोन्ही गुडघे टेकून बसा आणि पट्टीने एका वेळी दोन बोटं एवढंच घ्या. पट्टी जास्त आत खुपसलीत तर ट्यूब चिमटेल. सुरुवात कुठून केली?

अडलंय_चाक
व्हॉल्व्हपासून. त्याचा नट आधीच घट्ट केलाय, नळी आत जायला नको म्हणून.

जुना_पान्हा
तिथेच अडतंय. व्हॉल्व्हपाशी पन्हळीत ट्यूब असते, बीडला उतरायला जागाच नाही. नट शेवटच्या आट्यांवर आणा. चढवलेली बाजू परत काढा, समोरून सुरू करा आणि व्हॉल्व्हपाशी संपवा. ट्यूबमध्ये गोल आकार येण्यापुरतीच हवा हवी. आणि टायरवरचा बाण फिरण्याच्या दिशेने आहे ना, ते आत्ताच बघा.

तेलकट_हात
एवढा व्याप कशाला? ग्रीस चोपडा, सरकन जातो. मी कायम हेच करतो.

शंकेखोर
अजिबात नको. खनिज तेलाने रबर फुगतं, शिवाय ते वाळत नाही. जोरात ब्रेक मारला की टायर रिमवर सरकणार आणि व्हॉल्व्ह मुळापासून उपटणार. साबणपाणी वाळून जातं, म्हणून तर ते वापरायचं.

तेलकट_हात
माझा आजवर सरकला नाही.

शंकेखोर
शुभेच्छा.

भटक्या
चाक काढलंच आहे तर स्प्रॉकेटचे, म्हणजे चेन बसते त्या चक्राचे, दात बघितले का? एका बाजूला झुकून टोकदार झाले असतील तर चेनसकट बदला. चेनबद्दल कोणीच बोलत नाहीये इथे.

शंकेखोर
कारण चेनबद्दल कोणी विचारलेलं नाही.

निवांत
टायर बसला की नायट्रोजन भरा. साध्या हवेपेक्षा कितीतरी चांगला.

शंकेखोर
साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजनच असतो हो. आठवड्याला प्रेशर तपासलं तरी पुरे.

निवांत
उरलेल्या २२ टक्क्यांचं काय?

अडलंय_चाक
चढला!!! गुडघे टेकल्यावर शेवटचा भाग जवळजवळ हातानेच गेला. हवा भरली. पण कडेजवळ जी बारीक रेघ असते ती एका ठिकाणी रिमच्या आत गेलीये, बाकी सगळीकडे दिसते. चालेल ना?

जुना_पान्हा
नाही चालणार, चाक उड्या मारेल. रेघ दोन्ही बाजूंना सगळीकडे सारख्या अंतरावर दिसली पाहिजे. हवा सोडा, तेवढ्या भागाला साबणपाणी लावून दाबा, परत भरा. टप्प आवाज होऊन बसेल. टायरवर लिहिलेल्या मर्यादेपलीकडे हवा नेऊ नका आणि बोटं लांब ठेवा. बसला की एकदा सगळी हवा सोडून पुन्हा भरा, म्हणजे ट्यूबला सुरकुती पडली असेल तर निघते.

निवांत
नाहीतर आत ज्वलनशील स्प्रे मारून काडी लावतात, भक्कन बसतो. व्हिडिओ आहेत.

शंकेखोर
ट्यूबवाल्या टायरला? तुम्ही धागा वाचता की नुसते प्रतिसाद टाकता? तो प्रकार ट्यूबलेसलाही घरी करू नये, भाजून घ्याल.

अडलंय_चाक
बसला, रेघ सारखी दिसतेय. चाक गाडीला लावतोय.

जुना_पान्हा
छान. चेनचा ताण जुळवायच्या चाकाच्या दोन्ही बाजूंच्या खुणा सारख्या ठेवा, नाहीतर चाक तिरकं बसेल. निघण्याआधी ब्रेक दाबून बघा. नवा टायर सुरुवातीला निसरडा असतो, पहिले शंभर-दीडशे किलोमीटर वळणावर गाडी जास्त झोपवू नका.

भटक्या
शेवटी चेन आलीच.

अडलंय_चाक
एक्सलचा नट किती टॉर्कला आवळू? टॉर्क रेंच आहे, आकडा तेवढा सांगा. लवकर.

जुना_पान्हा
गाडी कोणती आहे ते अजून लिहिलेलंच नाहीये तुम्ही.